‘भरपूर पाणी प्या’

“अरे, तुम लोगों का नीचे है ना?”

चोवीस-पंचवीसची मुलगी. गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा, हातात फोन. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बादलीकडे पाहिलं. बादली माझ्या हातात होती, तेवढं तिला पुरलं.

बेंगळुरातल्या व्हाइटफील्डमधली काचेची इमारत, चौथा मजला, बायकांच्या टॉयलेटचं दार. मी सकाळी सहापासून रत्नम्मासोबत फिरत होते. रत्नम्मा तिथं ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला होती, पन्नाशीची. मी पीएच.डी. करणारी. आजाराबद्दल कष्टकरी बायकांशी कोण बोलतं, कोणत्या भाषेत बोलतं आणि त्यांचं कोण ऐकतं, हा माझा विषय. त्या दिवशी रत्नम्माचा खांदा दुखत होता, म्हणून तिची बादली मी घेतली होती. मला लघवीला लागली होती. दार ढकललं, तर ही आडवी.

मी काय केलं ते लिहायला आजही जीव धजत नाही. पण लिहिते.

मी भांडले नाही. “कुणाचं खाली?” असं विचारलं नाही. बादली खाली ठेवली, पिशवीतून माझ्या संस्थेचं ओळखपत्र काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

“ओह, सॉरी मॅम. सो सॉरी!”

तिनं दार धरून ठेवलं माझ्यासाठी. मी आत गेले. फरशी ओली होती, चकचकीत. दहा मिनिटांपूर्वी रत्नम्मानंच पुसली होती. मी बसले, उठले, हात धुतले, गरम हवेच्या यंत्राखाली वाळवले. बाहेर आले. रत्नम्मा भिंतीला टेकून उभी. तिनं आपली बादली परत घेतली होती.

“आय्ता?” तिनं विचारलं. कन्नडमध्ये, झालं का?

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

“आय्तु,” मी म्हटलं. आणि मग विचारलं, “तुम्ही कुठं जाता?”

ती हसली. “घरी.”

घरी म्हणजे दुपारी चार वाजता. ती पहाटे पाचच्या बसनं यायची. अकरा तास.

खाली होतं एक. तिसऱ्या बेसमेंटमध्ये, गाड्या लावतात तिथं. ड्रायव्हर लोकही तेच वापरायचे. आतून कडी नव्हती. दुपारनंतर नळाला पाणी नसायचं. आणि तिथवर जायला सुपरवायझरला सांगून जायचं, तो पुरुष. “किती वेळा जाता गं?” म्हणायचा सगळ्यांसमोर. म्हणून बायकांनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी चहाचा एक घोट, मग थेट घर.

माझ्या टिपणवहीत हा ‘शोध’ म्हणून लिहिलेला आहे. खोटं आहे ते. मला हे सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

माझं गाव निपाणी, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं, सीमेवरचं. आई नगरपालिकेत झाडायची. शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायची, कारण घरात ठेवायला कुणी नव्हतं. निघताना मी तांब्या तोंडाला लावला की ओरडायची, “घोटभरच पी गं. लई पिऊ नगंस. बाजारात कुठं बसणार हाईस?” बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या घरांमागच्या गल्ल्या आई साफ करायची. त्यातल्या एकाही घराच्या संडासात तिला बसता येत नव्हतं. तहान लागली तर ती चिंचोका देत असे चघळायला. उन्हाळी लागली, लघवी जळायला लागली, की धने भिजवलेलं पाणी. ते पण घरी आल्यावर. हा हिशोब आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला पाठ होता. आम्हाला माहिती कमी नव्हती. जागा नव्हती.

बेंगळुरात येऊन मी तेच विसरून बसले होते. ओळखपत्रानं विसरायला लावलं.

आता मॅडमबद्दल.

मॅडम म्हणजे माझ्या गाईड. पुण्याच्या. बेंगळुरात एकोणीस वर्षं. त्यांच्या केबिनच्या दारावर ‘आरोग्य, संवाद आणि सामाजिक न्याय’ अशी पाटी, इंग्रजीत. प्रवेशाच्या मुलाखतीत मी मराठी आहे कळल्यावर त्यांचा चेहरा फुलला. “अगं, आपल्याकडची! किती दिवसांनी मराठी मुलगी आली.” मग आडनाव विचारलं. सांगितलं. चेहरा तसाच राहिला, डोळे फक्त थोडे सरकले.

“आई काय करते?”

“नगरपालिकेत झाडते.”

“वा! छान!”

मनापासून म्हणाल्या. मला जागा मिळाल्याच्या आनंदात तेव्हा कळलं नाही. होस्टेलच्या खोलीवर आल्यावर कळलं. माझी आई चाळीस वर्षं लोकांची घाण उचलते, यात छान काय होतं? मग हळूहळू तेही कळलं. त्यांना अभ्यासासाठी आयतं फील्ड सापडलं होतं. मराठी बोलणारं, चालतं-बोलतं, केबिनपर्यंत स्वतःच्या पायांनी येणारं फील्ड. पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. “मीट माय स्टुडंट. हर मदर इज अ स्वीपर.” माझ्या नावाच्या आधी हे. पाहुणे माझा हात दोन्ही हातांत धरायचे आणि मान तिरकी करायचे. मी हसायची. तीन वर्षं हसले.

चौथ्या मजल्यावरच्या प्रसंगानंतर मी सगळं लिहून काढलं. कोणत्या मजल्यावर कुणाला मनाई आहे, बेसमेंटला जायला किती वेळ लागतो, कुणाला कितीदा ताप आला, मेडिकलवाला न विचारता कोणत्या गोळ्या देतो. बायकांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत. ते घेऊन एका शनिवारी मॅडमच्या घरी गेले. जयनगरला. गच्चीवर कुंड्या, बाहेर आंब्याचं झाड, आत कॉफी. कॉफीचा कप माझा आणि त्यांचा एकसारखाच होता, हे मुद्दाम लिहिते. कपात काही नव्हतं. जे होतं ते बोलण्यात होतं.

मी सांगू लागले, “मॅडम, त्या पानी पीत नाहीत कारण...”

“पाणी,” त्या म्हणाल्या. “‘पानी’ नाही गं. पाणी. बोल.”

मी बोलले. त्यांनी ऐकलं, पेन्सिल घेतली आणि दोन पानांवर आडवी रेघ मारली.

“हे काढूया. हा सोयी-सुविधांचा प्रश्न झाला. आपला विषय मेसेज. ज्या कंपनीनं आपल्याला आत येऊ दिलं, तिच्याच संडासाबद्दल लिहायचं?”

“मग मेसेज काय असणार?”

“भरपूर पाणी प्या. साधा, पॉझिटिव्ह. कन्नड, तेलुगू, हिंदीत पोस्टर करू. या बायकांना सवयच नसते पाणी प्यायची, अवेअरनेस नाही.” मग खुर्ची थोडी पुढे ओढली. आवाज खाली आणला. “आणि आपल्यात म्हणून सांगते. वरची टॉयलेट्स त्यांना उघडून दिली तर दोन दिवसांत काय अवस्था होईल, तुला तर माहीतच आहे.”

तुला तर माहीतच आहे.

माझ्या अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. ही बाई मला तिच्या बाजूला बसवून माझ्या आईच्या अंगाची घाण मला सांगत होती. विश्वासानं. मला बढती दिल्यासारखी. आणि मी? मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मान हलवली आणि कॉफी संपवली.

मॅडमची किळस आली हे खरं. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त किळस माझ्या मानेची आली.

पोस्टरसाठी फोटोग्राफर आला. त्यानं रत्नम्माला निवडलं. तिला नवा कोट घातला, हातात काचेचा ग्लास दिला, हस म्हणाला. ती हसली. फोटो संपल्यावर ग्लास तसाच भरलेला परत दिला. प्यायली नाही. कामाच्या मध्येच होता ना फोटो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रत्नम्मा चौथ्या मजल्याच्या जिन्यात कोसळली. थंडी वाजून ताप, पाठीत कळा. तिच्यासोबत काम करणाऱ्या मंजुळानं मला फोन केला. मंजुळा तिशीची, धीट, माझ्या निपाणीच्या कन्नडला हसणारी. आम्ही दोघींनी रत्नम्माला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तरुण डॉक्टर होता, थकलेला. कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, “तुम्ही लोक पाणीच पीत नाही. कितीदा सांगायचं?”

रत्नम्मा तापात होती. तिनं दोन्ही हात जोडले. “तप्पायितु, डॉक्टर.” चूक झाली.

माझ्या कानात ते शब्द अजून आहेत. अकरा तास लघवी कोंडून धरणारी बाई हात जोडून माफी मागत होती. आणि माझ्या पिशवीत त्याच वेळी तिच्या पोस्टरचा नमुना होता, मॅडमनी तपासायला दिलेला. हसरी रत्नम्मा, हातात ग्लास. खाली मोठ्या अक्षरांत, ‘भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.’ पलंगावर रत्नम्मा, पिशवीत रत्नम्मा. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि मोरीत ओकले. खरोखर ओकले.

पोस्टरचं उद्घाटन त्याच इमारतीतल्या हॉलमध्ये ठरलं. आदल्या दिवशी दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

“शेवटी पाच मिनिटं तू बोल. आईचं सांग. पहाट, झाडू, तू कशी शिकलीस. साडी नेस उद्या. कॉटनची, साधी. फार इस्त्री नको.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि रडू आलं तर अडवू नकोस. येऊ दे. ते खरं वाटतं.”

माझ्या आईचा झाडू, माझी चुरगळलेली साडी, माझं रडू. सगळं त्यांनी वाटून ठेवलं होतं, पाहुण्यांना वाढायला.

“रत्नम्मा दवाखान्यात आहे, मॅडम.”

“हो, वाईट झालं. तिचं उद्या नको बोलूस हं. मूड जातो.”

त्या क्षणी काहीतरी तुटलं. आवाज न करता. मी “बरं” म्हटलं आणि बाहेर आले. आयुष्यातलं शेवटचं “बरं” होतं ते त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसले. कडक इस्त्रीची.

हॉल भरला होता. पुढं कंपनीचे साहेब लोक, त्यांच्यात इमारतीची व्यवस्था पाहणारा प्रमुख, मॅडम, पाहुणे. मागच्या भिंतीला हाउसकीपिंगच्या वीसेक बायका उभ्या केलेल्या, फोटोसाठी. उभ्याच. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी. भाषणं झाली, पोस्टरवरचा पडदा सरकला, टाळ्या. मग मॅडमनी माझं नाव घेतलं. आधी आई, मग नाव.

माइक हातात आला. मी मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली.

“या फोटोतली रत्नम्मा आज इथं नाही, कारण ती दवाखान्यात आहे. तिला पाणी प्यायचं कळत होतं. तिला जायला जागा नव्हती. तुम्ही जी टॉयलेट रोज धुता, ती तुम्हाला बंद आहेत. हे मला तुम्हीच सांगितलंत. मी लिहिलं होतं. ते खोडलं गेलं आणि मी गप्प बसले. ही माझी चूक आहे.”

मागच्या बायकांचे चेहरे बदलले. एकीनं तोंडाला पदर लावला. आणि पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या! त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी तिच्या लोकांशी गोड बोलतेय. मॅडमही हसऱ्या तोंडानं टाळ्या वाजवत होत्या. एकोणीस वर्षं या शहरात काढून.

मग मी तेच सगळं इंग्रजीत बोलले. वाक्याला वाक्य.

आता टाळ्या नाहीत. मी व्यवस्था-प्रमुखाकडे वळले. “सर, आज सकाळी तुम्ही जे टॉयलेट वापरलंत ते यांनी धुतलंय. त्यांनी आत्ता वापरलं तर चालेल का?”

“धिस इज नॉट द फोरम, मा,” तो म्हणाला.

“फोरम कुठला आहे, सर? बेसमेंट?”

माइक बंद झाला. कुणी केला माहीत नाही. मी स्टेजवरून उतरले, हॉल ओलांडून मागच्या भिंतीपाशी गेले. “कुणाला जायचंय?” विचारलं. कुणीच हललं नाही. सुपरवायझर दाराशी उभा होता आणि एकेकीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. मग मंजुळानं हात वर केला. शाळेत करतात तसा.

आम्ही दोघी चालत गेलो. हॉलच्या बाहेरच, पंधरा पावलांवर. सिक्युरिटीवाला आडवा आला. “मॅडम, प्रॉब्लेम हो जाएगा.”

“होने दो,” मी म्हटलं आणि दार उघडून दाराला पाठ लावून उभी राहिले.

मंजुळा आत गेली. मागून अजून दोघी आल्या, मग तिघी. मग मी मोजणं सोडलं. काही आल्याच नाहीत, जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. मंजुळा बाहेर आली, बाजूला पिण्याच्या पाण्याचं मशीन होतं तिथं गेली. एक ग्लास प्यायली. दुसरा भरला. तो पण प्यायली, सावकाश, सगळे बघत असताना. मी तिथं किती मिनिटं उभी होते कोण जाणे. मॅडम हॉलच्या दारातून माझ्याकडे बघत होत्या. जशी चौथ्या मजल्यावरची ती मुलगी बादलीकडे बघत होती, तशा.

तिसऱ्या दिवशी मंजुळाचं आणि आणखी दोघींचं प्रवेशाचं कार्ड बंद झालं. ठेकेदार म्हणाला, तुमची गरज नाही. वरच्या टॉयलेटना नंबर दाबून उघडायची कुलुपं बसली.

मॅडमचा फोन आला. “आपल्याकडची म्हणून घेतलं होतं तुला. आपल्याकडची कसली!” आणि त्यांनी गाईडपण सोडल्याचं पत्र विभागाला दिलं.

मी मंजुळाची माफी मागायला गेले. पत्र्याची खोली, बाहेर निळी पिंपं. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मी बोलायला लागले, तशी तिनं थांबवलं.

“माफी नको, अक्का. पण आधी आम्हाला विचारायला हवं होतं. आम्ही मिळून केलं असतं. त्यांनी तिघींना काढलं. वीस जणी असतो तर काढता आलं नसतं.”

मॅडमनी आमच्या वतीनं ठरवलं म्हणून मला किळस आली होती. मीही त्यांच्या वतीनंच ठरवलं होतं. माझ्या हातातला माइकसुद्धा माझाच होता, त्यांचा नव्हता. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. मंजुळानं सांगितलं, कामावरून काढलेली असताना.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिच्याकडे बसतो. आधी चौघी होतो, आता अकरा जणी. रत्नम्मा बरी होऊन घरी आली, पण कामावर परत घेतलं नाही. ती पण येते, भिंतीला टेकून बसते. कामगार कार्यालयात तक्रार दिली आहे. ती मी लिहिली नाही. त्यांनी सांगितली, मी उतरवली, मग वाचून दाखवली. दोनदा त्यांनी मला खोडायला लावलं. “विनंती” हा शब्द रत्नम्मानं काढायला लावला.

विभागातले लोक माझ्या काळजीत आहेत. विभागप्रमुखांनी एक पत्र टाइप करून ठेवलंय. गैरसमज झाला, भावनेच्या भरात बोलले, खेद आहे. खाली माझ्या नावाची जागा सोडलेली. सही केली तर दुसरा गाईड मिळेल, प्रबंध वेळेत जाईल, मी डॉक्टर होईन. “एक सही तर आहे,” असं सगळे म्हणतात. चांगले लोक आहेत ते. त्यांच्या चांगुलपणाचाही मला वास येतो आता.

मी सही करणार नाही.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “शिक्षान बुडलं तर?” मी म्हटलं, बुडू दे. ती म्हणाली, “बुडू दे म्हनू नगंस. लिव्ह. पर खोटं लिव्हू नगंस.”

लिहिते आहे. प्रत्येक प्रकरण आधी रविवारी त्या सगळ्या जणींसमोर कन्नडमध्ये वाचते. त्या नाही म्हणाल्या की पान जातं. आईची गोष्ट त्यात नाही, ती कुणाला रडवायला नाही. शेवटचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही. त्या इमारतीतली दारं त्यांच्यासाठी उघडली, तर ती कुणी उघडायला लावली ते लिहीन. नाही उघडली, तर कुणी कुणी बंद ठेवली ते लिहीन. हुद्द्यानिशी, नावानिशी. आणि त्यात माझी मान हलली होती तो शनिवारही असेल.